‘लख्ख आठवते’ या दोन शब्दांविरुद्ध

मराठी आत्मपर लेखनाच्या वेशीवरून दोन शब्द गेली कित्येक दशके जकात न भरता ये-जा करीत आले आहेत. ‘लख्ख आठवते’ हे ते दोन शब्द होत. दिवाळी अंकातील लेख असो, षष्ट्यब्दीनिमित्त निघालेले आठवणींचे पुस्तक असो, की विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाला लागलेले आत्मचरित्र असो. लेखक दीड-दोन वर्षांचा असतो, नुकता कोठे पाऊल टाकू लागलेला असतो, आणि माजघरातील समईचा उजेड, आजीच्या लुगड्याचा रंग, अंगणातील पारिजातकाचा सडा हे सारे त्याला ‘लख्ख आठवते’. परीक्षणकर्ता अशा परिच्छेदाला ‘हृद्य’ हे विशेषण बहाल करतो आणि पुढे जातो. मात्र हाच परीक्षणकर्ता एखाद्या दलित आत्मकथनासमोर बसला की त्याच्या अंगात वकील संचारतो. त्या पुस्तकातील मूल बहुधा आठ-दहा वर्षांचे, शाळेत जाणारे असते. तरीही त्याला पिंजऱ्यात उभे करून विचारले जाते : इतक्या तपशिलाने तुला हे कसे आठवते? यात अतिशयोक्ती किती? पुरावा काय?

या दुटप्पीपणाला हरकत घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. दोन वर्षांच्या मुलाच्या आठवणीवर विश्वास आणि दहा वर्षांच्या मुलाच्या आठवणीवर अविश्वास, ही आपल्याकडील वाटणी स्मृतीविषयी आज जे काही ज्ञात आहे त्याच्या नेमकी उलट आहे. तेव्हा तिचे मूळ मानसशास्त्रात शोधण्यात अर्थ नाही. ते आपल्या वाचनाच्या सामाजिक सवयीत शोधावे लागेल.

प्रथम ज्ञात काय आहे ते पाहू. माणसाला आपली पहिली दोन-तीन वर्षे आठवत नाहीत. या बाल्यविस्मृतीकडे फ्रॉइडने लक्ष वेधले, आणि १८९९ सालच्या एका निबंधात त्याने असेही सुचवले की बालपणाची म्हणून जी निरुपद्रवी, रंगीत चित्रे आपण जपून ठेवतो ती पुष्कळदा पुढील काळातील इच्छा-आकांक्षांनी विणलेले पडदे असतात. फ्रॉइडची सारी उपपत्ती मान्य करण्याचे कारण नाही. पण प्रौढांना विचारले असता त्यांची पहिली आठवण सरासरीने तीन ते साडेतीन वर्षांच्या वयाची निघते, ही गोष्ट शतकभरातील पाहण्यांतून वारंवार पुढे आली आहे. तान्ह्या मुलाचा मेंदू काहीच टिपत नाही असे मात्र नव्हे. येल विद्यापीठातील संशोधकांनी २०२५ साली २६ बालकांच्या मेंदूंची चित्रे घेऊन दाखवले, की सुमारे वर्षाचे मूलही पाहिलेली गोष्ट स्मृतीत नोंदवू शकते. नोंद होते, पुढे तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट राहत नाही. मग प्रौढपणी जे ‘लख्ख’ दिसते ते कोठून येते?

याचे उत्तर झां पियाजेने स्वतःच्याच बालपणाचा दाखला देऊन ठेवले आहे. बालकांच्या बुद्धिविकासाचा हा थोर अभ्यासक पंधरा वर्षांचा होईपर्यंत मानत होता, की पॅरिसच्या एका प्रशस्त रस्त्यावर बाबागाडीत बसलेला असताना आपल्याला पळवून नेण्याचा प्रयत्न झाला होता. दाईच्या चेहऱ्यावरील ओरखडे, जमलेली गर्दी, पोलिसाचा पांढरा दंडुका हे सारे त्याला दिसत असे. पुढे त्या दाईनेच त्याच्या आईवडिलांना पत्र लिहून कळवले, की ती हकीकत तिने रचलेली होती. बक्षीस म्हणून मिळालेले घड्याळही तिने परत केले. पियाजेने घरात ऐकलेली गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली म्हणून जपली होती. २००२ साली झालेल्या एका प्रयोगात वीस प्रौढांना त्यांच्याच बालपणीचे एक बनावट छायाचित्र दाखवण्यात आले. त्यात ते उष्ण हवेच्या फुग्यातून आकाशात विहरत होते. अशी सफर त्यांपैकी कोणीच केलेली नव्हती. तरीही काही भेटींनंतर निम्म्या लोकांना ती पूर्णतः वा अंशतः आठवू लागली. आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ६,६४१ जणांच्या एका मोठ्या पाहणीत ३८.६ टक्के लोकांनी आपली पहिली आठवण दोन वर्षांची वा त्याहून आधीची असल्याचे सांगितले. ८९३ जणांनी तर ती एक वर्षाच्या आतील असल्याचा दावा केला. संशोधकांचा निष्कर्ष असा, की या आठवणी बहुतांशी ऐकीव गोष्टी, छायाचित्रे आणि नंतरचे ज्ञान यांच्या जुळणीतून झालेल्या असाव्यात. सांगणाऱ्याला मात्र त्या खऱ्याच वाटतात.

हे दूरदेशीच्या प्रयोगशाळांतील ज्ञान आहे, मराठी अनुभवाशी त्याचा संबंध काय, असे कोणी म्हणेल. मी ज्या वस्तीत दीर्घकाळ राहिलो त्या दिल्लीच्या आर. के. पुरमने मला हा संबंध पुरेपूर दाखवला आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी वसवलेली ही वसाहत. सेक्टरमागून सेक्टर, एकाच साच्याचे क्वार्टर, एकाच रंगाचा चुना, एकाच मापाचे व्हरांडे. मधूनच एखादा जुना घुमट, आणि त्याच्या सावलीत मुलांचे क्रिकेट. येथील मराठी घरांत आजी-आजोबा क्वचितच असत. गाव येई ते आंतरदेशीय पत्रांतून, मे महिन्याच्या सुटीतून आणि ट्रंकेत जपलेल्या अल्बममधून. अशा घरांत वाढलेल्या कितीतरी जणांची पहिली आठवण या क्वार्टरची नसते. ती रत्नागिरीच्या वा साताऱ्याच्या एखाद्या घराची असते : झोपाळा, विहीर, शेणाने सारवलेले अंगण. त्यांपैकी काहींनी ते घर शाळेत जाऊ लागल्यावरच प्रथम पाहिलेले असते. तत्पूर्वी आईने ते शंभरदा सांगितलेले असते, आणि अल्बममधील काळ्या पानावर चार त्रिकोणी कोपऱ्यांत ते अडकवलेलेही असते.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. ३ डिसेंबर १९७१ रोजी युद्धाला तोंड फुटले आणि दिल्लीत रात्री दिवे झाकले जाऊ लागले. खिडक्यांच्या काचांना चिकटवलेले कागद, भोंग्याचा आवाज, अंधारात चाचपडत केलेले जेवण यांच्या हकीकती या वसाहतीतील घरांत पुढे वर्षानुवर्षे रंगत राहिल्या. १९७२-७३ साली जन्मलेली आणि आज पन्नाशी ओलांडलेली अशी माणसे मला भेटली आहेत, की ज्यांना तो काळोख स्वतः पाहिल्यासारखा आठवतो. काळोखही लख्ख आठवावा, ही या शब्दाची करामत! मी त्यांना खोटे म्हणणार नाही. आईचा दबलेला आवाज, ‘दिवा लावू नको’ म्हणताना तिच्या चेहऱ्यावर पुन्हा उमटलेली भीती ही त्यांनी खरोखरच पाहिली आहे. त्यांची आठवण त्या सांगण्याची आहे. युद्धाची साक्ष म्हणून ती निकामी असली, तरी त्या घराची साक्ष म्हणून ती मोलाची आहे. आठवण खरी की खोटी हा प्रश्न अपुरा आहे. ती कशाची आठवण आहे, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

पडताळ्याची साधनेही काळाच्या ओघात उरत नाहीत. २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने दिल्लीतील सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली, त्यांत आर. के. पुरमला लागून असलेले मोहम्मदपूर आणि जवळचेच सरोजिनीनगर, नौरोजीनगर, नेताजीनगर होते. नौरोजीनगरचे जुने क्वार्टर जाऊन तेथे कार्यालयांचे उंच मनोरे उभे राहिले. जागा गेली की तिच्याविषयीच्या आठवणींना अडवणारे कोणी राहत नाही. येत्या काळात या वसाहतींवर मराठीतही भरपूर स्मरणलेखन होईल आणि त्यातील प्रत्येक क्वार्टरच्या दारात गुलमोहर असेल, असे भाकीत करावयास हरकत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. बालपणीच्या आठवणींची ही अविश्वसनीयता अलीकडे परिसंवादांतून मोठ्या तत्परतेने उद्धृत केली जाते. पण ती समईच्या उजेडाविरुद्ध वापरलेली माझ्या ऐकण्यात नाही. ती वापरली जाते पाणवठ्यावरून हाकलल्या गेलेल्या मुलाविरुद्ध, वर्गाबाहेर बसवलेल्या मुलाविरुद्ध, उष्ट्याच्या वाटणीवरून झालेल्या भांडणाविरुद्ध. ‘स्मृती ही रचना असते’ असे एक शास्त्रीय वाक्य टाकले, की अन्यायाची अख्खी नोंद ‘रचना’ ठरवून मोकळे होता येते. या युक्तिवादात तीन गफलती आहेत आणि त्या एकेक करून दाखवल्या पाहिजेत.

पहिली गफलत वयाची. दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांतील ज्या प्रसंगांवर शंका घेतली जाते ते बहुधा शाळकरी वयाचे आहेत. बाल्यविस्मृतीचा अंमल तेथे चालत नाही. तीन वर्षांखालच्या मुलाला लागू असलेला नियम दहा वर्षांच्या मुलावर लादणे हे अज्ञान तरी आहे किंवा चलाखी तरी.

दुसरी गफलत प्रसंगाच्या स्वरूपाची. एकदाच घडलेली घटना आणि रोज घडणारी गोष्ट यांची स्मृती एकाच मापाने मोजता येत नाही. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांचे कायदेविषयक सल्लागार जॉन डीन यांनी वॉटरगेट प्रकरणी १९७३ साली सिनेटच्या समितीपुढे प्रदीर्घ साक्ष दिली. पुढे त्याच संभाषणांच्या ध्वनिफिती बाहेर आल्या. उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने १९८१ साली दोन्हींची तुलना केली, तेव्हा डीन यांनी सांगितलेली वाक्ये चुकीची निघाली, प्रसंगांचा क्रम बदललेला निघाला, स्वतःचे महत्त्वही त्यांनी वाढवलेले निघाले. तरीही मुख्य गोष्ट, म्हणजे गुन्हा दडपला जात होता आणि वरिष्ठांना ते ठाऊक होते ही, अक्षरशः खरी होती. अनेक प्रसंगांचा अर्क एका प्रसंगात उतरलेला होता. ज्या मुलाला पाणी वरून ओतले गेले त्याला तो सोमवार होता की मंगळवार हे चुकीचे आठवू शकते. पाणी वरून ओतले गेले हे तो चुकीचे आठवत नाही, कारण ते वर्षभर, प्रत्येक वारी ओतले गेलेले असते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटे इंग्रजी टिपण या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. ते १९३५-३६ च्या सुमारास लिहिले गेले आणि पुस्तिकारूपाने १९९० साली प्रसिद्ध झाले. त्यातील पहिला प्रसंग १९०१ सालचा आहे : सातारा जिल्ह्यात नोकरीस असलेल्या वडिलांना भेटावयास निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरतात, जात कळताच स्टेशनमास्तरचा नूर पालटतो, गाडीवान मिळत नाही, मिळतो तो दुप्पट भाड्याने आणि गाडी मुलांनी हाकावी या अटीवर, रात्री डबा जवळ असूनही पाण्याअभावी उपाशी झोपावे लागते. पस्तीस वर्षांनी लिहिलेल्या या मजकुरातील एखादा संवाद शब्दशः तसाच झाला असेल काय? बहुधा नसेल. पण लिहिणारा कोठे पोचतो ते पाहावे. अस्पृश्यता आपल्याला आधीही ठाऊक होती, शाळेत वेगळे बसावे लागत होते, मात्र या प्रवासाने तिचा धक्का दिला, असे तो सांगतो. रोजची गोष्ट आणि एकदाच घडलेली गोष्ट यांतील फरक तो स्वतःच करतो. साक्षीदाराला आपल्या साक्षीची जात कळते, ती अशी.

तिसरी गफलत पुराव्याची, आणि ती सर्वांत गंभीर आहे. ज्यांच्या घरी जन्मपत्रिका, अल्बम, पत्रांचे गठ्ठे आणि कुलवृत्तान्त आहेत त्यांच्या आठवणी आपोआप प्रमाणित वाटतात. वास्तविक हेच कागद खोट्या आठवणींचे कारखाने असू शकतात, हे छायाचित्राच्या प्रयोगाने दाखवलेच आहे. उलट ज्यांच्याजवळ कागदच नाही त्यांच्या एकमेव कागदाकडे, म्हणजे त्यांच्या आत्मकथनाकडेच, संशयाने पाहिले जाते. महाराष्ट्रातील शाळांच्या जुन्या रजिस्टरांत १ जून ही जन्मतारीख किती मुलांच्या नावापुढे आहे ते एकदा मोजावे. ती तारीख गुरुजींनी प्रवेशाच्या सोयीसाठी घातलेली असे. आई सांगे, पोर पानशेत फुटले त्या वर्षीचे, किंवा कोयनेच्या भूकंपानंतरचे, किंवा बहात्तरच्या दुष्काळातले. १९६१, १९६७, १९७२ : आईच्या तोंडी पंचांगात वर्ष बिनचूक असे आणि सरकारी शिक्क्याच्या कागदावर तारीख काल्पनिक. पुरावा म्हणजे शिक्का असे मानणाऱ्या समीक्षेने या दोहोंतील विश्वसनीय कोण, याचे उत्तर द्यावे.

येथवरच्या विवेचनाने आत्मकथनांचे कैवारी संतुष्ट होतील, म्हणून त्यांच्याशीही दोन शब्द बोलणे भाग आहे. ‘हा भोगलेला अनुभव आहे, त्याची चिकित्सा करू नये’ असे म्हणणारा एक वर्ग आपल्याकडे आहे. त्यांचा हेतू चांगला असेल. परिणाम वाईट आहे. ज्या पुस्तकाला प्रश्न विचारावयाचा नाही ते पुस्तक साहित्याच्या गावकुसाबाहेर ठेवल्यासारखेच होते. नमस्कार केला म्हणून बहिष्कार संपत नाही. शिवाय या पुस्तकांना अशा संरक्षणाची गरजही नाही. स्मृतीविषयीची सावधगिरी त्यांच्या रचनेतच आहे, आणि ती आपल्या स्मरणरंजक लेखकांपेक्षा कितीतरी प्रगल्भ आहे.

‘बलुतं’ (१९७८) मध्ये दया पवारांनी दगडू मारुती पवार आणि लेखक दया पवार अशी आपल्या व्यक्तित्वाची दोन रूपे समोरासमोर बसवली. आठवणारा आणि लिहिणारा यांच्यात अंतर आहे, हे त्या पुस्तकाने पहिल्यापासून मान्य केले. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ची (१९८७) सुरुवातच मुळी गाव, घर, जन्मतारीख यांपैकी काही नसण्यापासून होते, जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्याचा आव तेथे नाही. आनंद यादवांनी ‘झोंबी’ला (१९८७) आत्मचरित्रात्मक कादंबरी म्हटले आणि बालपणाच्या पुनर्निर्मितीची जबाबदारी उघडपणे स्वीकारली. त्याही आधी लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’चा आरंभ केला तो १८५७ च्या बंडात आजोबांना झालेल्या फाशीपासून आणि वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापासून. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा. ती फाशी त्यांनी पाहिलेली असणे शक्य नाही, आणि पाहिल्याचा दावाही त्या करीत नाहीत. घरात जे सांगितले गेले ते सांगितलेले म्हणूनच येते, आणि तरीही पुढील सारे आयुष्य त्याच्या छायेत उभे आहे हे वाचकाला कळते. नारायण सुर्वे तान्हेपणी मुंबईच्या रस्त्यावर गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराला सापडले. या घटनेची आठवण सुर्व्यांना असणार नाही. ती त्यांना दत्तक मिळाली, नावासारखीच. ती परकी आठवण काढून घेतली तर सुर्व्यांचे चरित्र उरेल काय?

म्हणजे उसनी आठवण हा दोष नव्हे. उसनवारी लपवणे हा दोष आहे. ‘आई सांगे’, ‘घरात असे बोलले जाई’, ‘छायाचित्रात दिसते त्याप्रमाणे’ ही साधी पदे मराठी आत्मपर गद्यातून हद्दपार होत गेली आणि त्यांच्या जागी ‘लख्ख आठवते’ आले, यात गद्याचीही हानी झाली आहे. सांगणारी आई पुसली गेली आणि तिने सांगितलेले चित्र तेवढे लेखकाने स्वतःच्या नावावर करून घेतले. न्यूझीलंडमधील माओरी लोकांची पहिली आठवण सरासरीने पावणेतीन वर्षांच्या आसपासची, म्हणजे इतरांहून लवकरची, असल्याचे २००० सालच्या एका अभ्यासात आढळले. भूतकाळ बोलून जागता ठेवणाऱ्या त्यांच्या परंपरेशी अभ्यासकांनी याचा संबंध जोडला आहे. मुलाची स्मृती घडते ती घरातील सांगणाऱ्यांच्या, बहुधा स्त्रियांच्या, बोलण्यातून. त्या बोलण्याचे ऋण न मानणारे आत्मचरित्र शास्त्राच्या दृष्टीने चुकते, आणि नीतीच्या दृष्टीनेही.

साहित्याच्या विद्यार्थ्याने यापुढे बालपणाचा कोणताही परिच्छेद वाचताना चार प्रश्न हाताशी ठेवावेत. तेव्हा लेखकाचे वय काय होते? गोष्ट एकदा घडलेली आहे की नित्याची? ती त्याच्यापर्यंत डोळ्यांनी आली, कानांनी आली की कागदावरून आली? आणि ती खरी मानल्याने कोणाचे काय साधते, कोणाचे काय बिघडते? हे प्रश्न पारिजातकाच्या सड्यालाही विचारावेत आणि पाणवठ्यालाही. एकाला सूट आणि दुसऱ्याला उलटतपासणी हा प्रकार बंद व्हावा. ग्रंथालयांनीही आत्मकथने कपाटात लावून स्वस्थ बसू नये. त्यांत आलेल्या वस्त्या, शाळा, पाणवठे यांविषयी इतरांच्या तोंडी आठवणी, शाळांची रजिस्टरे, पत्रे ही त्यांच्या शेजारी जमा करावीत. असा संग्रह तपासणाऱ्याच्या कामी येईल, आणि ज्याच्यावर नाहक संशय घेतला गेला त्याच्याही.

समीक्षकांकडे मागणे त्याहून थोडे आहे. दोन वर्षांच्या लेखकाला समईचा उजेड आठवला, तर त्याला इतकेच विचारावे : तुम्हांला हे कोणी सांगितले? आणि दहा वर्षांच्या मुलाने तहान आठवली, तर आधी तिच्यावर विश्वास ठेवून पुढचे पान उलटावे.